सूचना जन्मते कोणत्या भाषेत

सरकारी संकेतस्थळ मराठीत आहे की नाही, हे त्याच्या पहिल्या पानावरून ठरवू नये. पहिलं पान मराठीत करणं सोपं असतं. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’, ‘सेवा’, अधिकाऱ्यांची पदं आणि वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण. एकदा बसून केलं की ते वर्षानुवर्षं तसंच चालतं. बघायचं ते सूचनांचं पान. उद्या सकाळी पाणी येणार नाही, अर्जाची मुदत शुक्रवारी संपते, दाखल्यांची खिडकी अमुक दिवशी बंद आहे, असला मजकूर त्याच दिवशी मराठीत लागला आहे का, एवढंच तपासावं. बहुतेक ठिकाणी तिथे इंग्रजी पीडीएफ असते आणि तिच्या डोक्यावर ‘सूचना’ हा एकच मराठी शब्द.

पुणे परिसरातल्या एका सार्वजनिक संस्थेच्या संकेतस्थळाचं भाषेचं काम मी काही वर्षं केलं. त्याआधी मी प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासत होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण जे सांगायचं आहे ते तिच्यापुरतं नाही. माझं घर मात्र खडकीत आहे. काम करताना मजकूर कुणाला वाचून दाखवायचा, फोनवर कुणाकडून अर्ज भरून घेऊन बघायचा, तर बाजारातल्या, रेंज हिल्समधल्या, बोपोडीकडच्या ओळखीच्या माणसांकडे जायचं, हे ओघानंच आलं.

आणि खडकी या कामाला फार चांगली जागा निघाली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी इथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, त्यानंतर छावणी वसली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला, १९४० साली हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी आली. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र इथलंच. फौजेच्या आणि कारखान्यांच्या मागोमाग देशभरातून माणसं आली आणि राहिली. खडकी बाजारात अर्धा तास उभं राहिलं तर मराठीबरोबर तमिळ, तेलुगू, हिंदी, उर्दू, गुजराती कानावर पडतात. गिऱ्हाईक बघून भाषा बदलणारे दुकानदार इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत नुसत्या कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत सत्तर हजारांवर माणसं मोजली गेली. एवढ्या वस्तीत ‘सगळ्यांना इंग्रजी थोडंफार येतंच’ असं म्हणून भागत नाही, आणि ‘सगळ्यांना मराठी येतंच’ असं म्हणूनही भागत नाही.

कायदा कमी पडतो असंही नाही. १९६३ च्या राजभाषा अधिनियमानं केंद्राच्या कार्यालयांना सर्वसाधारण आदेश, अधिसूचना, निविदा वगैरे हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत काढायला लावलं आहे. १९७६ च्या नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येतो. राज्याच्या कारभारासाठी १९६४ चा मराठी राजभाषा अधिनियम आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा घेऊन लोक अर्ज करतात, पण त्याच्या कलम ४ मधलं चौथं उपकलम फारसं कुणी वाचत नाही. संस्थेनं आपणहून जी माहिती प्रसिद्ध करायची, ती करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरेल अशी पद्धत ध्यानात घ्यावी, असं तिथे लिहिलेलं आहे. मला या सगळ्या कायद्यांमध्ये ते उपकलम सर्वांत मोलाचं वाटतं. ते भाषेला मान देण्यापाशी थांबत नाही, समोरच्यापर्यंत गोष्ट पोचली का हे विचारतं.

मग अडतं कुठे? मला वाटत होतं की तंत्रात अडत असेल. तसं नव्हतं. कागद ज्या वाटेनं जातो त्या वाटेत अडत होतं.

आमच्याकडे सूचना इंग्रजीत लिहिली जायची. लिहिणारा मराठी, तपासणारा मराठी, खिडकीवर ती समजावून सांगणारा मराठी. तरी मसुदा इंग्रजीत, कारण मागच्या वर्षीची फाइल इंग्रजीत. सही झाली की इंग्रजी सूचना लगेच चढवली जायची. मग ती हिंदीसाठी जायची. हिंदी आली की तिच्यावरून मराठी व्हायची. म्हणजे मराठी तिसऱ्या हातानं येणार, आणि तोवर मुदत संपलेली असणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संकेतस्थळावर कितीही चांगलं मराठी पान बांधलं, तरी त्यात टाकायला वेळेवर मजकूर नाही.

एके दिवशी मी नळजोडाच्या खिडकीपाशी बाकावर बसले होते. आत एक वरिष्ठ लिपिक होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. एक बाई आल्या, हातात इंग्रजी पत्र. काकांनी ते पत्र उलटं करून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “ताई, हे बघा. घर तुमच्या नावावर झालंय, पण नळ अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यांचा मृत्यूचा दाखला, घरपट्टीची यंदाची पावती आणि तुमचं आधार, तिन्हींची एकेक झेरॉक्स आणा. मूळ कागद सोबत ठेवा, बघून परत देतो. पैसे आज नाहीत, अर्ज घेतल्यावर सांगतो.” बाई मान डोलावून गेल्या. संकेतस्थळावर याच कामाचं मराठी पान होतं. त्यात ‘हस्तांतरण’ होतं, ‘विहित नमुना’ होता, ‘साक्षांकित प्रती’ होत्या, ‘सक्षम प्राधिकारी’ होता. सासरे नव्हते, झेरॉक्स नव्हती, आणि मूळ कागद परत मिळतात की नाही हे कुठेच नव्हतं.

त्या दिवसापासून मी पानं लिहायची पद्धत बदलली. प्रत्येक सेवेसाठी आधी खिडकीवरच्या माणसाला विचारायचं, “कुणी आलं तर तुम्ही काय सांगता?” आणि ते सांगतील ते जसंच्या तसं टिपायचं. मग नियमाशी ताडून बघायचं, चुकत असेल तिथे दुरुस्त करायचं, आणि वरिष्ठांच्या सहीसाठी मराठी मसुदाच पुढे करायचा. इंग्रजी आणि हिंदी त्याच्यावरून. काहींना हे उलटं वाटलं. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, “मॅडम, उद्या कोर्टात गेलं तर कोणता मजकूर धरायचा?” प्रश्न रास्त होता. त्यावर तोडगा असा निघाला की नियम, आदेश आणि निविदा जशा निघतात तशाच निघतील. लोकांनी काय करायचं हे सांगणारी पानं आणि सूचना मात्र मराठीत जन्मतील, आणि प्रत्येक पानाच्या खाली मूळ आदेशाचा क्रमांक आणि तारीख असेल. हे मान्य व्हायला फार बैठका लागल्या. पण एकदा मान्य झाल्यावर सूचनेला लागणारा वेळ कमीच झाला, कारण लिहिणाऱ्याला ती आधी मनात मराठीत सुचतच होती.

आता जरा बारकाईचं. मराठी मजकूर संकेतस्थळावर आहे आणि तरी सापडत नाही, असं होऊ शकतं. खडकीतल्या कुणाही माणसाच्या पत्त्यात ‘ॲम्युनिशन फॅक्टरी’ येण्याची शक्यता मोठी. यातलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं. एक, ‘ॲ’ हे एकसंध अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. दुसरं, साधा ‘अ’ आणि त्यावर वेगळी चंद्रकोर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नेहमीच्या नियमांनीसुद्धा ते एक होत नाहीत. पान एका तऱ्हेनं लिहिलेलं आणि शोधणाऱ्याच्या फोनचा कळफलक दुसऱ्या तऱ्हेचा असेल, तर उत्तर येतं: ‘काहीही आढळले नाही’. तेच आळंदीजवळच्या चऱ्होलीचं. त्यातला अर्धा र काही कळफलक ‘ऱ’ घेऊन करतात, काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. डोळ्याला फरक दिसत नाही. आमच्या शोधात ‘पुऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘अधिकाऱ्यांची’ हे शब्द असेच अर्धे सापडत आणि अर्धे हरवत.

हे दुरुस्त करणं अवघड नाही. मजकूर साठवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळा, या जोड्या एका रूपात आणायच्या. काम थोडक्यात होतं. पण त्यासाठी आधी ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि संकेतस्थळ बांधणाऱ्या गटात मराठीतून शोध घेऊन बघणारं कुणी नसेल तर ते कधीच लक्षात येत नाही. अंकांचंही तसंच. मराठी कळफलक लावलेल्या फोनवरून माणूस ग्राहक क्रमांक देवनागरी अंकांत लिहितो आणि अर्ज लाल अक्षरांत ‘क्रमांक अवैध’ म्हणतो. ज्या संस्थेनं मराठी पान दिलं तिनं मराठी अंक नाकारावेत, हे मला अजूनही सहन होत नाही. दोन्ही अंक स्वीकारायची दुरुस्ती एका ओळीची होती.

जुन्या फायलींचा भाग वेगळा आणि कष्टाचा. युनिकोड रुळण्याआधी कार्यालयांत जे टंकलेखन झालं ते वेगवेगळ्या फाँटच्या खासगी संकेतांत. दिसायला देवनागरी, आत रोमन अक्षरांची खिचडी. पुण्यातच १९८८ साली सी-डॅक उभं राहिलं आणि भारतीय लिप्यांचं मोठं काम तिथे झालं. तरी याच शहरातल्या कपाटांत असे कागद अजून आहेत. ते संकेतस्थळावर तसेच चढवले तर त्यांचा शोध लागत नाही आणि कुणाला ऐकताही येत नाहीत. परिवर्तकातून काढले तरी रफार आणि जोडाक्षरं हमखास विस्कटतात, म्हणून प्रत्येक पान माणसानं वाचावं लागतं. मुद्रितं तपासायची माझी जुनी सवय इथे उपयोगी पडली.

ऐकण्याचं म्हटलं ते सहज म्हटलं नाही. आमच्या चाचणीला एक गृहस्थ यायचे, लहानपणापासून दृष्टी नाही, एनव्हीडीए हे मोफत वाचकसाधन झपाट्यानं चालवायचे. पहिल्यांदा त्यांनी आमचं मराठी पान उघडलं आणि खोलीत आवाज आला तो ओळखू येईना. पानाच्या संकेतात भाषेची खूण इंग्रजी राहिली होती, म्हणून इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळत होता. खूण बदलून हिंदी केली, तर वाक्यं कळू लागली पण ‘चहा’, ‘जमीन’ यांतले च आणि ज हिंदी झाले. खूण मराठीची केल्यावर ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “आता आमची भाषा झाली.” मग लगेच पुढचं दाखवून दिलं: मराठी पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल तर त्याला इंग्रजीची वेगळी खूण हवी, नाहीतर मराठी आवाज इंग्रजी वाचायला जातो आणि पुन्हा काही कळत नाही. अनेक भाषांचं संकेतस्थळ म्हणजे अशा बारीक खुणा पानोपानी बरोबर ठेवणं, हे मला त्यांनी शिकवलं.

स्कॅन केलेल्या पीडीएफपाशी मात्र त्यांचं साधन गप्प व्हायचं. कागदाचा फोटो तो, त्यात अक्षरं नाहीत. सही-शिक्का दिसावा म्हणून कार्यालयं स्कॅन चढवतात, त्यामागची गरज मी समजते. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं ४२ वं कलम माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याविषयीच आहे, आणि भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ साली आली, २०१८ आणि २०२३ मध्ये सुधारून निघाली. त्या कागदांवर बोट ठेवून आम्ही एवढंच मिळवलं की स्कॅन राहू दे, पण त्याच्या वर तोच मजकूर साध्या अक्षरांत द्यायचा. पाहणाऱ्याला शिक्का दिसतो, ऐकणाऱ्याला सूचना ऐकू येते.

खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी. त्या रस्त्यावरून जाताना मला आमच्या पानावरचा तो खाली घसरणारा मेनू आठवायचा, जो माऊस नेमका धरून ठेवला तरच उघडा राहायचा. बोटं साथ देत नसतील त्या माणसानं तो कसा उघडायचा? टॅबची कळ दाबत सगळं पान फिरता आलं पाहिजे, हा आग्रह मी त्यानंतर कधी सोडला नाही. भाषेचा पर्याय पानाच्या अगदी सुरुवातीला हवा, तोही नुसत्या झेंड्याच्या किंवा चिन्हाच्या रूपात नको, त्या त्या भाषेच्या लिपीत लिहिलेला हवा.

आता तमिळ-तेलुगूचं. कामाच्या सुरुवातीला मला वाटायचं की खडकीसारख्या ठिकाणी या भाषांतही पानं हवीत. बाजारामागच्या चाळीतल्या एका तमिळ कुटुंबाशी माझा घरोबा आहे. तिथल्या आजींना मी विचारलं. त्या जन्मल्या इथेच, मराठी झरझर बोलतात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात. शाळेत गेल्या नाहीत, त्यामुळे तमिळही वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, “लिहून काय करू पोरी? वाचून दाखवायला नातू घरी असेल तेव्हा ना. तू बोलून पाठव की.” मी तशाच आणखी काही घरांत विचारलं. वयस्कर बायकांकडून बहुतेक हेच ऐकलं. म्हणून पाणी, आरोग्य आणि मुदती यांच्या सूचना आम्ही साध्या मराठीत आणि हिंदीत आवाजात रेकॉर्ड करून पानावर ठेवल्या, फोनवर पुढे धाडता येतील अशा छोट्या. रेकॉर्डिंग कार्यालयातल्याच माणसांनी केलं. अजून चार लिप्यांत पानं केली असती तर अहवालात उठून दिसलं असतं, पण ती आजींपर्यंत पोचली नसती. जिथे तेलुगू वा कन्नड वाचणारी माणसं खरोखर संख्येनं आहेत, सोलापुरात किंवा सीमाभागात, तिथे निर्णय वेगळा होईल आणि व्हायलाच हवा.

यंत्राच्या भाषांतराबद्दल लोक मला हमखास विचारतात. २०२२ मध्ये केंद्राचा भाषिणी हा उपक्रम सुरू झाला, तेव्हापासून जास्तच. माझं मत असं आहे: यंत्राचा उपयोग जरूर करावा, मसुदा पटकन मिळतो, आणि काहीच नसण्यापेक्षा तो बरा. पण ज्या वाक्यात पैसे, तारीख, दंड किंवा औषध आहे ते वाक्य माणसानं वाचल्याशिवाय लोकांपुढे जाऊ नये. ‘पूर्वी’ आणि ‘पर्यंत’, ‘भरल्यास’ आणि ‘न भरल्यास’ यांत यंत्र घसरलं तर एखाद्या घराचा नळ तुटतो. आपोआप भाषांतर होणारी पानं असतीलच, तर तसं पानावर ठळक लिहावं आणि शेजारी दुरुस्ती कळवायची सोय द्यावी. नावांना तर यंत्राचा हातच लावू देऊ नये. इंग्रजीतलं आडनाव देवनागरीत कसं लिहायचं हे ज्याचं आडनाव त्यालाच विचारावं. खडकीत एकाच इंग्रजी स्पेलिंगमागे दोन प्रांतांतली दोन वेगळी आडनावं असू शकतात, आणि जन्माच्या दाखल्यावर चुकलेलं एक अक्षर पुढे शाळेपासून पेन्शनपर्यंत त्रास देतं.

१६ फेब्रुवारी २०२१ रोजी देशातल्या ६२ कॅन्टोन्मेंट बोर्डांसाठी ई-छावणी हे एकच पोर्टल सुरू झालं. एका व्यवस्थेवर सगळी बोर्डं आणण्याची ही दिशा मला योग्य वाटते. पोर्टल एक असलं तर वर सांगितलेल्या दुरुस्त्या एकदाच कराव्या लागतात आणि खडकीबरोबर देहूरोडला, देवळालीला आणि अहिल्यानगरलाही मिळू शकतात. अट एवढीच की पडद्यावरचा मजकूर आज्ञावलीत चिणलेला नसावा. तो वेगळ्या तक्त्यात असावा, भाषेगणिक आणि गावागणिक बदलता येईल असा, आणि तो बदलण्याचा अधिकार दिल्लीतल्या अभियंत्याची वाट न बघता गावातल्या कार्यालयाकडे असावा. आमच्या संस्थेत मी सोडताना हेच लिहून ठेवलं: कोणत्या पानाचा मराठी मजकूर कोण बघतो, रजेवर असेल तर कोण, आणि सूचनेवर सही करण्याआधी मराठी मसुदा जोडला आहे का हे विचारायचं. बदल्या होतात, ठेकेदार बदलतात. पुढच्या निविदेतही ही अट जावी म्हणून मी अजून पाठपुरावा करते.

एक गोष्ट मात्र अजून व्हायची आहे, एसएमएसची. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि मराठीत काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळं मोजलं जातं. त्यामुळे इंग्रजी मजकुराचं सरळ भाषांतर केलं की दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात आणि लेखा विभाग नको म्हणतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून मी भाषांतर सोडून दिलं आणि नवा मजकूर लिहिला: ‘पाणीपट्टी ₹४५० मिळाली. पावती क्र. ११२३. ता. ५/६.’ ‘आदरणीय ग्राहक’ नाही, ‘आपल्या सहकार्याबद्दल’ नाही. पन्नास अक्षरांच्या आत बसतो, एकाच एसएमएसच्या पैशांत जातो. दूरसंचार नियमांप्रमाणे असा प्रत्येक नमुना आधी नोंदवावा लागतो, मराठीचा वेगळा. नोंदणीची फाइल लेखा विभागाकडे गेली आहे. पावत्यांचे, मुदतींचे, पाणी बंद असल्याचे असे सगळे नमुने मी त्या फाइलला जोडून दिले आहेत, आणि नळजोडाच्या काकांनी त्यातले दोन अजून आखूड करून दाखवले.